तिसऱ्या खिडकीवरच्या शैलाताई

शैलाताईंनी माझा डबा मला कधी साध्या माणसासारखा परत दिला नाही. बेल वाजायची, मी दार उघडायचे, तर या दारात पाय जुळवून उभ्या. डबा दोन्ही तळहातांवर. कमरेतून वाकून जपानीत म्हणायच्या, "ही वस्तू आपलीच आहे ना? कृपया तपासून घ्यावी." यावर मी दोन्ही हात पुढे करून "हो, माझीच आहे" असं म्हणायचं, मगच डबा मिळायचा. एकदा मुलगी कडेवर होती म्हणून मी एकच हात पुढे केला, तर त्यांनी डबा मागे घेतला. "तिला खाली ठेव आधी. एका हातानं काय घेतेस, बसचं तिकीट आहे का?" आणि लगेच नेहमीच्या आवाजात, "आत वड्या आहेत. खोबरं पाकिटातलं आहे, नावं ठेवू नकोस."

टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकुत तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आमची बिल्डिंग स्टेशनच्या मागे होती, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि त्या आमच्या बरोबर डोक्यावर. त्यांचे यजमान अरविंदराव मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत होते. मुलगी मीनल पुण्याला मावशीकडे राहून कॉलेज करत होती. शैलाताई विमा कंपनीतली चांगली नोकरी सोडून आल्या होत्या, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. घरात वाचायला काही नाही म्हणजे त्यांचा जीव कासावीस व्हायचा. बॅगांमधून आणलेली पुस्तकं पहिल्या दोन महिन्यांत संपली. दिवाळी अंक बोटीनं यायचे ते फेब्रुवारीत पोचायचे, आणि आले की दोन दिवसांत त्यांचा फडशा. मग त्या औषधांच्या बाटल्यांवरची जपानी अक्षरं बघत बसायच्या. शेवटी टीव्ही लावला.

तेव्हा एक मालिका लागायची. तिचं नाव मराठीत करायचं तर ‘खिडकी क्रमांक तीन’. टोकियोतल्या एका मोठ्या स्टेशनावरचं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस, आणि तिथल्या खिडकीवरचे साकाकी-सान, म्हणजे आपले साकाकीराव, असे एक पोक्त क्लार्क. दर आठवड्याला कुणाची तरी वस्तू हरवायची: छत्री, बासरी, दातांची कवळी, एकदा तर कुणाच्या तरी अस्थींचा कलश. साकाकी-सान तिचा मालक शोधायचे. आणि वस्तू देताना ती खिडकीतून सरकवायची नाही, हा त्यांचा नेम. टोपी घालून, दारातून बाहेर येऊन, वाकून दोन्ही हातांनी द्यायची आणि म्हणायचं, ही आपलीच आहे ना, कृपया तपासून घ्यावी. बस, एवढंच. या मालिकेत कुणी कुणाच्या थोबाडीत मारत नसे. मी दोन भाग बघून सोडून दिली. शैलाताई मात्र तिच्यासाठी जपानी शिकल्या.

शिकल्या म्हणजे कशा, तर नागरिक केंद्रातल्या फुकटच्या वर्गाला पहिल्या बाकावर बसून. वर्गाची व्यवस्था बघणारी मोरिता-सान नावाची एक तिशीची मुलगी होती, मान खाली घालून बोलणारी. शैलाताई तिला प्रत्येक भागाबद्दल प्रश्न विचारून भंडावून सोडत. एक दिवस मोरिता-साननं कान लाल करून पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढली. झेरॉक्सची पानं, दोन पिना. "हे मी लिहिलंय," म्हणाली. मालिकेत न आलेली, साकाकी-सानांच्या तरुणपणाची गोष्ट होती ती. जपानात असं लिहिणारे हजारोंनी आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. आवडत्या मालिकेतली माणसं घ्यायची, आपल्या मनातली गोष्ट लिहायची, झेरॉक्स काढायच्या, आणि उन्हाळ्यात नि हिवाळ्यात या पुस्तिकांचा मोठा बाजार भरतो तिथे जाऊन विकायच्या. पैसे मिळवायला नव्हे, कुणीतरी वाचावं म्हणून.

शैलाताईंना तर घबाडच सापडलं. त्या पुस्तिकांना शाळेतल्या पुस्तकांसारखी ब्राऊन पेपरची कव्हरं घातली गेली, वर मराठीत नावं. त्या वाचत उभ्यानं, फ्रिजला पाठ टेकून, कानावर पेन्सिल, हातात शब्दकोश. गॅसवर काय जळतंय याचा पत्ता नसे. त्यांच्या घरी त्या काळात आम्ही जेवढी करपलेली भाजी खाल्ली तेवढी आयुष्यात खाल्ली नसेल. मी एखादी पुस्तिका उचलून पानं उलटायला लागले की म्हणायच्या, "वाचायचं तर वाच. चाळायला ते तांदूळ आहेत का?"

एकदा त्या पुस्तिका गेल्याच होत्या. तिथे रद्दीची एक गाडी फिरायची, भोंग्यावर ओरडत. जुनी वर्तमानपत्रं दिली की बदल्यात टॉयलेट पेपरचे रोल मिळत. अरविंदराव अतिशय टापटिपीचा माणूस. रविवारी सकाळी त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधले, आणि कोपऱ्यातली ब्राऊन पेपरची थप्पीही त्यात बांधली. गाडीला देऊन चार रोल घेऊन वर आले, खुशीत. शैलाताई आंघोळीहून बाहेर आल्या आणि कोपरा बघितला. नंतरचं मी गॅलरीतून पाहिलं. गाऊनवर टॉवेल, केस ओले, हातात चार रोल, आणि शैलाताई रस्त्यानं भोंग्याच्या मागे पळताहेत. सिग्नलला गाडी गाठली. त्या गाडीवाल्याला एका दमात काय काय सुनावलं कोण जाणे, पण तो खाली उतरून माफी मागत होता आणि गठ्ठे सोडत होता. रोल त्यांनी त्याला दोन्ही हातांनी परत केले.

अरविंदराव बिचारे जिन्यात उभे. "मला काय माहीत, मला वाटलं जुनी काहीतरी..."

"दोन वर्षं झाली या देशात," शैलाताई म्हणाल्या. "एकदा विचारलंत, यात काय आहे म्हणून?"

ते खरं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. वाईट माणूस मुळीच नव्हता. बायकोला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा माणूस. पण बँकेत सगळं इंग्रजीत चालतं आणि दुकानात बोट दाखवता येतं, म्हणून त्यांनी जपानीचा नाद केला नाही, आणि बायकोच्या पुस्तिकांना ते ‘शैलाचा भातुकलीचा खेळ’ म्हणत.

मग ती मालिका संपली, आणि वाईट संपली. साकाकी-सानांना पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी त्यांच्या हाताखालच्या हारुए नावाच्या मुलीला आणि भावाला बोलावून सांगितलं की कॅन्सर आहे. साकाकी-सानांना सांगितलं, अल्सर आहे. यात त्या लोकांना काही वावगं वाटलं नसणार. तिथे तेव्हा तशीच पद्धत होती. असलं दुखणं डॉक्टर घरच्यांना सांगत, आणि रोग्याला सांगायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं. बहुतेक घरं सांगत नसत. शेवटच्या भागात साकाकी-सान वसंतात कामावर जाण्याचे बेत करत वारले. खुंटीवर टोपी, आणि नावं यायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या त्या घरातलं कुणी गेल्यासारख्या. रडल्या नव्हत्या, संतापल्या होत्या.

"जन्मभर माणसानं लोकांच्या वस्तू लोकांना परत दिल्या. आणि त्याची स्वतःची एक वस्तू होती, ती सगळ्यांनी मिळून लपवून ठेवली."

मी हसले. "अहो ताई, मरण म्हणजे काय वस्तू आहे का?"

"मग कुणाची आहे ती? हारुएची? डॉक्टरची?" त्यांनी ओट्यावर हात आपटला. "त्याची आहे ना? मग त्याला नको द्यायला?"

मालिका लिहिणाऱ्यांवर चिडलेल्या त्या एकट्याच नव्हत्या. मोरिता-सानच्या जमातीनं लगेच लेखणी उचलली. त्यांच्यात दोन तट पडले. एका तटानं साकाकी-सानांना वाचवलं: नवं औषध निघतं, निदान चुकीचं ठरतं. दुसऱ्या तटानं त्यांना मरू दिलं, पण आधी सांगून. कुणीतरी त्यांना खरं सांगतं, आणि सांगताना त्यांचंच वाक्य त्यांना म्हणतं: ही आपलीच आहे ना, कृपया तपासून घ्यावी. शैलाताई दुसऱ्या तटाच्या. ‘सांगण्याच्या गोष्टी’ हे त्यांचं नाव. पुढची दीड-दोन वर्षं त्यांनी दुसरं काही वाचलं नाही. तोच प्रसंग दहा जणींनी दहा तऱ्हांनी लिहिलेला, आणि बायकांनी पुरणपोळ्यांना नावं ठेवावीत तशा शैलाताई एकेकीला नावं ठेवायच्या. "हिची हारुए फार रडते. रडणाऱ्या माणसानं असली बातमी सांगायला जाऊ नये. त्यानं ऐकायचं का हिचे डोळे पुसायचे?" "हिनं पावसात सांगितलंय. पाऊस कशाला हवा? खिडकीवर सांग की!" "ही बघ, ही खरी. हिनं सांगितलं आणि गप्प बसली."

उन्हाळ्याच्या बाजाराला एकदा मला बरोबर नेलं. तो बाजार तेव्हा हारुमीच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये भरायचा. तोझाई लाइननं जाऊन पुढे बस. हॉलमध्ये अंगाला अंग लावून हजारो मुली, पंखे गरगरताहेत, सगळीकडे घाम आणि नव्या झेरॉक्सचा वास, आणि त्यातून सुती साडी नेसून, खांद्याला कापडी पिशवी लावून शैलाताई चाललेल्या. टेबलांमागच्या मुली त्यांना ओळखत होत्या, उठून वाकत होत्या. मोरिता-सानही एका टेबलामागे होती. तिची नवी पुस्तिका शैलाताईंनी तिथेच उभ्यानं वाचली. त्यात साकाकी-सान बरे झाले होते.

"का वाचवलंस?" शैलाताईंनी विचारलं.

मोरिता-सान काहीतरी पुटपुटली. मग एकदम बोलायला लागली. तिचे वडील याच दुखण्यानं गेले होते. आईनं आणि तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, मी एवढा का थकतोय, आणि ही म्हणाली होती, उन्हाळा आहे म्हणून. ते लिहिता येत नाही म्हणून ती त्यांना वाचवत बसली होती. हे मला शैलाताईंनी परतीच्या बसमध्ये सांगितलं. तिथे हॉलमध्ये त्यांनी फक्त तिचा हात धरला, पुस्तिका घेतली आणि पिशवीत ठेवली. वाचवण्याच्या तटातली ती त्यांनी ठेवलेली एकमेव पुस्तिका.

हे सगळं मी हसत सांगत आले, कारण तोवर ते हसण्यासारखंच होतं.

त्याच शरद ऋतूत शैलाताईंचं जेवण कमी झालं. आधी आम्ही थट्टा केली, की करपलेलं आता तुम्हालाही जात नाही वाटतं. मग गाऊन ढगळ दिसायला लागला. तपासण्या झाल्या. आम्हा सगळ्यांच्या दवाखान्याच्या दुभाष्या त्याच होत्या. माझ्या मुलीचा कान फुटला तेव्हा त्या होत्या, वरच्या गल्लीतल्या एकीचं बाळंतपण झालं तेव्हा आत त्या होत्या. स्वतःच्या तपासणीलाही त्या एकट्याच गेल्या आणि येताना सरळ माझ्याकडे आल्या. चपला काढून उंबऱ्यावरच बसल्या.

"अल्सर म्हणाले," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करू म्हणाले. आणि पुढच्या वेळी यजमानांना एकटं पाठवा. दुभाषी म्हणून दुसरं कुणीतरी आणा. मला म्हणाले हे. मला!"

मी काहीतरी बोलायला गेले.

"नीता, शेवटून दुसऱ्या भागात तो डॉक्टर अगदी हेच बोलतो. असाच चष्मा काढून पुसतो. हा प्रसंग मी किती जणींच्या हातचा वाचलाय, आणि मला कळणार नाही?" त्यांचा आवाज स्थिर होता, पण चपलेचा पट्टा त्या उगाच लावत होत्या आणि काढत होत्या. "आता बघायचं, हे कधी सांगतात ते."

अरविंदराव बँकेतल्या जपानी सहकाऱ्याला घेऊन गेले. संध्याकाळी मला जिन्यात गाठलं. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. "तिला सांगायचं नाही, वहिनी. तिला कळलं तर ती त्या दिवशीच जाईल. डॉक्टरही म्हणाले, इथे कुणी सांगत नाही. सगळ्यांनी अल्सरच म्हणायचं."

मी वर जाऊन शैलाताईंना म्हटलं, मी जाऊन त्यांना सांगते, की तुम्हाला माहीत आहे. त्यांनी माझं मनगट धरलं. जोर होता अजून.

"अजिबात नाही. तू कोण सांगणारी? माझी वस्तू त्यांच्यापाशी आहे. त्यांनी आणून द्यायची."

"आणि नाहीच दिली तर?"

त्यांनी माझं मनगट सोडलं.

त्यानंतरचे महिने मला आठवायला आवडत नाहीत. ऑपरेशन झालं, म्हणजे पोट उघडलं आणि काही न करता मिटवलं. शैलाताईंना सांगितलं, अल्सर काढून टाकला. आम्ही सगळ्या बायका आळीपाळीनं हॉस्पिटलात जायचो, मऊ भात घेऊन, आणि तोंडभर हसून म्हणायचो, काय ताई, आज रंग सुधारलाय! उन्हाळ्यात निक्कोला जायचं हं! शैलाताई प्रत्येकीला म्हणायच्या, हो, जाऊ की. कोण किती वाईट नाटक करतं यावर मागाहून माझ्यापाशी शेरे. "कुलकर्णीण बरी होती आज. फक्त जाताना पाया पडली. अल्सरवाल्या बाईच्या कुणी पाया पडतं का?" मी हसायचे आणि लिफ्टमध्ये रडायचे. मला अरविंदरावांचा राग यायचा, डॉक्टरांचा यायचा, आणि खरं सांगायचं तर त्या वाट बघत बसायच्या याचाही यायचा.

सगळ्यांत वाईट मीनलचे फोन. तिलाही वडिलांनी सांगितलं होतं आणि तंबी दिली होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या फोनवर शैलाताईंना धरून न्यायचं. पलीकडून मीनल हसत हसत परीक्षेचं, मैत्रिणींचं सांगायची. शैलाताई हसत हसत ऐकायच्या. रिसीव्हर ठेवला की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "माझ्या मुलीला मला काही सांगायचंय गं. लग्न, दागिने, ते नाही. सांगायचंय. पण ती अल्सरवाल्या आईशी बोलते. मी मध्ये कुठून घुसू?"

उरलेला वेळ पुस्तिका. हात थकायचे म्हणून पोटावर उशी ठेवून त्यावर पुस्तिका. अरविंदराव ऑफिसातून येताना घरून त्या आणायचे. शैलाताई कव्हरावरचं मराठी नाव सांगायच्या, ते नेमकी ती आणायचे. पुस्तिका हातात देताना त्या त्यांच्याकडे बघत राहायच्या. ते खुर्ची ओढून बसत, नाशी म्हणजे तिथलं पेर सोलत, म्हणत, आज रंग बरा आहे. मला वाटे, हा माणूस आपल्या हातानं तिला रोज तेच आणून देतोय, आणि याला माहीत नाही.

डिसेंबरात ते मला म्हणाले, "वहिनी, तिचं त्या गोष्टींत मन रमतं. तेवढा वेळ तिला दुखण्याचा विसर पडतो. तो बाजार असतो ना वर्षअखेरीला? मला घेऊन चला. नवीन असतील त्या आणू."

आम्ही गेलो. ओव्हरकोट, टाय, हातात बँकेची ब्रीफकेस, आणि भोवती रंगीत रिबिनी लावलेल्या हजारो मुली. अरविंदराव तासन्‌तास रांगेत उभे राहिले, तक्रारीचा शब्द काढला नाही. टेबलापाशी मोरिता-साननं त्यांना पाहिलं, तशी ती उठली आणि खोल वाकली. इतर मुलीही उठल्या. कुणी पुस्तिकेचे पैसे घेईना. अरविंदराव गोंधळून सगळ्यांना थँक्यू थँक्यू म्हणत राहिले.

बाहेर बसच्या थांब्यावर खाडीवरून वारा झोंबत होता. पलीकडे तोयोसुकडे तेव्हा टॉवर नव्हते, गोदीच्या क्रेन आणि मोकळी जमीन. पिशवी छातीशी धरून ते म्हणाले, "ह्या मुली मला एवढं वाकल्या कशाला? ह्यात असतं तरी काय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी. ताईंनी मला, त्यांना स्वतःला माहीत आहे हे सांगायला बंदी केली होती. गोष्टीत काय आहे ते सांगायला नव्हती केली. मी साकाकी-सान सांगितले. खिडकी सांगितली. अल्सर म्हणतात ते सांगितलं. मग कुणीतरी त्यांना खरं सांगतं, ते सांगितलं, आणि कोणत्या वाक्यानं ते पण.

बस आली. ते चढले नाहीत.

"सगळ्यांत हेच आहे?"

"ताई वाचतात त्या सगळ्यांत."

"कधीपासून वाचते?"

"मालिका संपली तेव्हापासून. आजारी पडल्यापासून तर रोज, दिवसभर."

ते पिशवीकडे बघत राहिले. "आणि मी आणून देतोय," म्हणाले. पुढच्या बसनं आम्ही गेलो. गाडीत ते ग्योतोकुला उतरायचे विसरले, आणि मीही बसून राहिले. पुढच्या स्टेशनावरून परत आलो.

मला वाटलं, आता सांगतील. त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले नाही, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी शैलाताई म्हणाल्या, "काल नुसते बसले होते. नाशी सोलली आणि खायला द्यायचीच विसरले." आणि मग, "काही बोलले नाहीत."

जानेवारी तसाच गेला. ते रोज यायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, आज रंग बरा आहे. एकदा कॉरिडॉरमध्ये माझ्याशी म्हणाले, "शब्द घशाशी येतात हो. मराठीत ते बोलताच येत नाही मला." मी रिकामा डबा उचलला आणि लिफ्टकडे निघाले. बोलले असते तर वेडंवाकडं बोलले असते.

मोरिता-सान रविवारी येऊन वाचून दाखवायची. एकदा तिनं स्वतःची नवी गोष्ट आणली, एकच प्रत. त्यात तिनं साकाकी-सानांना वाचवलं नव्हतं. शैलाताई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आता तुझी हारुए रडत नाही. छान झालीय." मोरिता-सान खाली मान घालून बसली होती. तिच्या मांडीवरच्या कागदांवर टपटप पाणी पडत होतं.

फेब्रुवारीत बँकेनं अरविंदरावांची मुंबईला बदली केली, त्यांच्याच विनंतीवरून. शैलाताईंना कारण सांगितलं, आईला बरं नाही. "सासूबाईंना आमच्या लग्नापासून बरं नाहीये," शैलाताई मला म्हणाल्या. त्यांचं बोलणं ऐकायला आता कान तोंडाशी न्यावा लागे. पुस्तिका त्यांनी मोरिता-सानला देऊन टाकल्या. एकही ठेवली नाही. "झालं वाचून," म्हणाल्या. मला ते ऐकवलं नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी अरविंदराव माझ्या दारात आले. बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

"तो क्लार्क म्हणतो ते वाक्य मला शिकवा. जपानीत."

मी शिकवलं. त्यांना ते येईना. चार वर्षांत जिभेला वळणच नव्हतं. ‘ओताशिकामे कुदासाइ’ म्हणजे तपासून घ्यावी, एवढे दोन शब्द त्यांना पुन्हा पुन्हा म्हणावे लागले, आणि दर वेळी ते मध्येच अडकायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी पाठ करून घेत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

नारिताला आम्ही तिघं होतो निरोपाला: मी, माझा नवरा हेमंत आणि मोरिता-सान. शैलाताई व्हीलचेअरवर, अंगावर शाल, कानाला रुमाल बांधलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर तसाच. मुंबईला पोचल्यावर त्या फार दिवस राहिल्या नाहीत, आणि त्यांना मी त्यानंतर पाहिलं नाही. तेव्हा हे पाहिलेलं शेवटचं.

अरविंदराव सामान देऊन आले. बोर्डिंग पास त्यांनी माझ्या हातात ठेवले. मग खुर्चीच्या समोर जाऊन पाय जुळवले. भोवती माणसं, ट्रॉल्या, घोषणा. ते जपानीत म्हणाले, तुटक, चुकत, प्रत्येक शब्द वेगळा: "ही... वस्तू... आपलीच... आहे ना. कृपया... तपासून घ्यावी."

शैलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मोरिता-साननं माझी बाही घट्ट धरली होती.

"अहो," शैलाताई म्हणाल्या, "वाकून म्हणायचं असतं ते."

अरविंदराव वाकले. कमरेतून वाकले आणि वरच येईनात. पाठ हलत होती. शैलाताईंनी शालीतून हात बाहेर काढले. काटक्या झालेले, सुयांच्या चिकटपट्ट्यांचे काळे डाग पडलेले. दोन्ही हात तळवे वर करून त्यांनी पुढे धरले, अगदी नीट, बोटं जुळवून.

"हो," त्या म्हणाल्या, "माझीच आहे."

मग त्यांनी अरविंदरावांच्या डोक्यावरून हात फिरवला. "उठा आता. मीनलला फोन लावा. उठली असेल ती."

समोरच हिरवे फोन होते. अरविंदराव खिसे चाचपायला लागले. त्यांना फोनचं कार्ड सापडेना, काही दिसतही नसावं. माझ्या पर्समध्ये होतं ते मी काढून शैलाताईंपुढे धरलं. तेही त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.